बारा किलोचं धनुष्य

आमचा धनेश खोटं बोलत नाही, असं जूचंद्रात कुणालाही विचारा, सांगतील. मीही सांगायचे. मी जिजा, त्याची मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून तिशीत माहेरी आले ती इथेच राहिले. आई-बाबा गेल्यावर घरात आम्ही तिघं उरलो, मी, धनेश आणि त्याची बायको मीरा. त्यांना मूल नाही. त्यावर मी आता काही बोलणार नाही, जे बोलायचं ते पूर्वीच बोलून झालंय आणि त्याची मला लाज आहे.

मला तोंड आहे आणि त्याला नाही, असं भावकीत म्हणतात. बांधावरून भांडण निघालं की मला पुढे करायचे, आणि हा माझ्यामागे उभा राहून चपलेच्या टोकाने माती उकरायचा. मी आमच्या वाडीतली भाजी सकाळी नायगावच्या बाजारात नेऊन विकते, त्यामुळे आवाज आपोआप मोठा झालाय. धनेश वसईच्या पूर्वेला एका ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवतो. लोखंडाचा रस ओतून जे भाग काढतात, त्यांचा आधी लाकडाचा साचा लागतो. सत्तावीस वर्षं तेच काम. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर ह्याला जेवण जायचं नाही. मला म्हणायचा, "ताय, साचा मापापेक्षा थोडा मोठाच ठेवायचा. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाय." मी म्हणायचे, "मला काय शिकवतोस, भांडी घास तेवढी." आणि खरंच भांडी घासायला बसायचा, असला माणूस.

मीरा विरारची. पापडीच्या एका शाळेत पी.टी.च्या बाई होती. कॉलेजात असताना तिरंदाजी करायची, जिल्ह्याकडून खेळलेली. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरातल्या "पानी"ला ती हसली नाही, म्हणून मला पहिल्याच दिवशी आवडली. तोंडावर मात्र मी तसं कधी बोलले नाही. नवऱ्याला ती नावाने हाक मारायची, ते मला वर्षभर खटकलं, मग सवय झाली.

तिचा आजार शिट्टीपासून सुरू झाला. मैदानावर मुलांना थांबवायला शिट्टी तोंडात धरली तर नुसती हवा. पोरं हसली. तिला वाटलं शिट्टी खराब. एक नवी घेतली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. मग घरी मला म्हणाली, "जिजाताई, माझे ओठ बंदच होत नाहीत नीट." मी म्हटलं, "बरंय की, जरा कमी बोलशील." जीभ झडायला हवी होती माझी तेव्हा. नवरात्रापर्यंत मुंबईच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं. मला ते नाव आजही उच्चारता येत नाही, पण अर्थ कळला. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत जातात. औषध नाही. एकेक अवयव बंद पडतो आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. देवाला दुसरं काही सुचलं नाही का, असं मी तिथेच दवाखान्याच्या पायरीवर मोठ्याने म्हटलं, लोक वळून बघायला लागले.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुढे गिळता येणार नाही. अन्न श्वासात जाईल. त्यासाठी पोटात बाहेरून एक नळी बसवावी लागेल, त्यातून जेवण द्यायचं. छोटं ऑपरेशन आहे, पण छातीत दम आहे तोवरच करता येतं. उशीर झाला की भूल देणं धोक्याचं. मीराने विचारलं, "कधी करायचं?" ते म्हणाले, "लवकर केलेलं बरं. आजार कुणाचा वेगात जातो, कुणाचा हळू. कधीकधी बराच काळ थांबतोसुद्धा."

तेवढं एक वाक्य तिने उचललं. पोटात नळी घेऊन बसायची तिला किळस होती, मैदानावर वाढलेली बाई ती. घरी येऊन दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "धनेश, मला एक धनुष्य करून दे."

"विकत आणतो की," हा म्हणाला.

"विकतचं नको. तुझ्या हातचं पाहिजे. बरोब्बर बारा किलो ओढीचं. मी पहिल्यांदा नेम धरला ते बारा किलोचं होतं. रोज संध्याकाळी ओढीन. दोरी हनुवटीपर्यंत आली तर आजार थांबलाय. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी मला कळेल. दुसऱ्या दिवशी नळी बसवायची. मी एक शब्द बोलणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जिजाताई, तुम्ही साक्षीदार."

मी म्हटलं, "असली कसली मोजमापं गं? डॉक्टरांची यंत्रं काय कमी आहेत?" पण धनेश उठलाच होता. त्याला कुणीतरी करण्यासारखं काहीतरी दिलं होतं, आणि गेले दोन महिने त्याला तेच हवं होतं.

दिवाळीनंतर परसदारी लाकडं पडायला लागली. धनुष्य एका काठीचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. तीन पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या. पाठीला, म्हणजे बाहेरच्या अंगाला, बांबूची, ती ताण सहन करते. पोटाला, म्हणजे ओढणाऱ्याच्या बाजूला, धामणीच्या लाकडाची, ती दाब सहन करते. धामण त्याला कारखान्यातल्या जव्हारकडच्या एका माणसाने आणून दिली. मधली पट्टी सागाची, आणि साग कुठून काढला, तर आमच्या आईच्या पलंगाच्या फळीतून. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पट्ट्या रंध्याने अशा पातळ केल्या की उन्हात धरल्या तर कडा तांबूस दिसायच्या. दोन डब्यांतली दोन रसायनं एकत्र करून गोंद केला, पट्ट्यांना लावला, खालच्या लाकडी साच्यावर त्या ठेवल्या आणि सायकलच्या ट्यूबा कापून त्यांच्या पट्ट्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत करकचून गुंडाळल्या. मोडलेल्या पायाला प्लास्टर करतात तसं दिसत होतं. पहिलं धनुष्य वाकवताना मधेच उलगडलं, गोंद नीट भरला नव्हता. दुसरं टिकलं.

मग खरं काम. भिंतीवर एक खुंटा ठोकून त्यावर धनुष्य आडवं ठेवलं, दोरीला कप्पीवरून दुसरी दोरी बांधली, आणि ती ओढायला मला बसवलं. मी थोडं ओढायचे, हा लांब उभा राहून दोन्ही बाजू सारख्या वाकतायत का बघायचा. जिथे ताठ, तिथे पेन्सिलीने खूण. खुणेवर कानस, मग फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडणं, मग परत तीसदा ओढणं. मी म्हटलं, "अरे एकदाच काय ते तासून टाक." तर म्हणाला, "त्याला हळूहळू वाकायला शिकवावं लागतं, ताय. घाई केली तर मोडतं." दोरी ओढायला किती किलोचा जोर लागतो ते बघायला माझा भाजी तोलायचा काटा घेतला, हुकाचा, लटकवायचा. साडेतेरा भरलं. तेरा. साडेबारा. काटा बारावर आला त्या दिवशी नाताळचा आदला दिवस होता. मीराच्या शाळेतली मैत्रीण मटिल्डा फराळाचं ताट घेऊन पापडीहून आली होती, तिच्यासमोर मीराने पहिला बाण मारला. वीस पावलांवर पेंढा भरलेली गोणी ठेवली होती, माझ्या कारल्याच्या मांडवाच्या पलीकडे. दोरी हनुवटीला टेकली, सुटली, बाण गोणीत. मी टाळ्या वाजवल्या. मला राहवलंच नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता तीन बाण. कारखान्यातून हा वेळेत यायला लागला. तिसरा बाण लागला की मीरा "लागला" म्हणायची आणि मगच चहा घ्यायची.

जानेवारीच्या शेवटी एक दिवस दोरी छातीपाशीच अडकली. मी विहिरीवर होते, मला नंतर कळलं. मीरा म्हणाली, "हात थरथरला आज." आणि धनेश म्हणाला, "खालची बाजू अजून ताठ आहे. नवीन लाकूड आहे, बसायला वेळ घेतं. जरा घासून देतो." तिने दिलं. दुसऱ्या दिवशी दोरी हनुवटीपर्यंत आली. ऐकलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लाकूड बसतंय, बसू दे.

फेब्रुवारी गेला, मार्च आला. मीराची जीभ जड झाली, बोललेलं दोनदा विचारावं लागायचं. उभं राहवेना तेव्हा स्टुलावर बसून बाण मारायची. पाणी पिताना ठसका लागायचा. पण हात? "हात बघा," ती म्हणायची, "हात जिथल्या तिथे." डॉक्टर म्हणाले होते ना कधीकधी थांबतो, तसा तिचा थांबला. जूनमध्ये शाळा उघडली की बसून शिकवीन म्हणाली. पी.टी.ची वही काढून मुलांची नावं लिहायला घेतली. इतकी आनंदात मी तिला आजाराआधीही पाहिली नव्हती, खरं सांगते.

ईस्टरच्या आधी मटिल्डा आली. तिची एक नात्यातली मुलगी मुंबईच्या त्याच हॉस्पिटलात नर्स, तिच्याकडून खटपट करून तिने नळीसाठी पुढच्या मंगळवारची तारीख मिळवली होती. मीरा हसली. "कशाला? बारा किलो ओढतेय मी अजून."

"अगं, पण पाणीसुद्धा ठसकतंय तुला."

"ते होतं कधी. हात चालतायत म्हणजे आजार थांबलाय. धनेशला विचार. येते ना दोरी हनुवटीपर्यंत?"

धनेश दारात उभा होता. "येते," म्हणाला.

"आणि किती किलोचं आहे?"

"बारा."

मी तिथेच शेंगा सोलत होते. त्याने चपलेच्या टोकाने उंबरठ्याची कड घासली, ती मी बघितली आणि मला काहीच कळलं नाही. मटिल्डा म्हणाली, "बरं बाई, येशू सांभाळो तुला," आणि अंगणातूनच फोन करून तारीख रद्द केली.

पुढच्या आठवड्यात कारल्याला खत घालताना माझ्या लक्षात आलं, गोणी मांडवाच्या अलीकडे आहे. मी स्वतः ती पलीकडे ठेवली होती. पावलं मोजली. बारा. मला वाटलं, मांजरांनी पाडली असेल, कुणी हलवली असेल. पण पेंढा भरलेली गोणी मांजर आठ पावलं कशी हलवेल? आणि कोपऱ्यातले बाण उचलून बघितले तर ते पण नवे, बारीक, उदबत्तीच्या काड्या शोभतील असे.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाजाराला जायच्या आधी मी मागच्या दाराने बाहेर आले. धनेश पायरीवर बसला होता, मांडीवर धनुष्य, हातात काचेचा तुकडा. पायाशी बारीक भुसा.

"किती हाय आता?" मी विचारलं.

तो दचकला नाही. जणू वाटच बघत होता. "सात."

"मटिल्डाला बारा सांगितलंस तू."

"तेव्हा आठ होतं."

"अरे मेल्या!" मी ओरडलेच, मग मीरा उठेल म्हणून आवाज खाली घेतला. "ती त्याच्यावर सगळं ठरवते, कळतंय ना तुला? नळी लावायची का नाय ते त्या लाकडावर ठरवते ती!"

"ताय, तू नव्हतीस त्या दिवशी. दोरी छातीशी अडकली तेव्हा तिचं तोंड तू नाय बघितलंस. मला परत नाय बघवणार."

"म्हणजे तू हे तुझ्यासाठी करतोस. तिच्यासाठी नाय."

तो रडायला लागला. पन्नाशीला आलेला पुरुष, भुशात पाय, नाक ओढत रडत होता. म्हणाला, पहिल्यांदा खरंच खालची बाजू ताठ होती. मग अर्धा किलो कमी केलं, तर ती एवढी खूश झाली. मग परत अडकली. मग परत. मधे थांबायला जागाच मिळाली नाही. "रविवारी सांगतो," म्हणाला. रविवारी सांगितलं नाही. म्हणाला रामनवमी होऊ दे. रामनवमी झाली.

आणि मी? मी कोण मोठी लागून गेले? महिनाभर मीही गप्प बसले. पाच वाजता ती "लागला" म्हणायची तेव्हा मलाही बरं वाटायचं. घरात दुसरं बरं वाटण्यासारखं होतं काय? सगळ्या गावाला सुनावणारी मी, घरात तोंडाला कुलूप लावून कारली तोडत होते.

मेच्या मध्यावर एका दुपारी पेज पिताना मीराला असा ठसका लागला की तिचे ओठ निळे पडले. मी पाठीवर थापा मारल्या, पालथी घातली, कसाबसा श्वास आला. तासभर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पाच वाजता धनेश आला, आणि मीरा म्हणाली, धनुष्य दे. म्हटलं, आज नको. ऐकेना. स्टुलावर बसवलं. त्याने मागून खांदे धरले. गोणी आता आठ पावलांवर. बाण गेला, गोणीच्या कडेला कसाबसा लोंबकळला. "लागला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तोंड वाकडं करत एकेक शब्द काढला, "बघा. उगाच. नळी. घातली असती."

माझं डोकं फिरलं. आत जाऊन काटा आणला. धनेश "ताय, ताय" करत होता, त्याला ढकलून दिलं. तिच्या हातातून धनुष्य घेतलं, काट्याचा हूक दोरीत अडकवला आणि तिच्या हनुवटीपर्यंत यायची तेवढी दोरी ओढली. काटा तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"वाच मीरा. किती आहेत?"

ती आधी माझ्याकडे बघायला लागली, मी काही चेष्टा करतेय असं. मग काट्याकडे. चार. मग धनेशकडे.

"केव्हापासून?"

"जानेवारी," तो म्हणाला.

तिचे ओठ हलायला लागले. ती महिने मोजत होती. "मटिल्डा. आली. तेव्हा?"

"आठ."

"तू. बारा. म्हणालास."

तो तिच्यापुढे मातीत बसला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो हात बाजूला करायचा प्रयत्न केला. बोटं नुसती हलली, त्याच्या हाताला हात लागेपर्यंत तिचा दम संपला. मग तिने माझ्याकडे बघितलं. "काढा," म्हणाली. मी माझ्या भावाचा हात धरून तिच्या गुडघ्यावरून काढला.

तिसऱ्या दिवशी मुंबई. यंत्रात फुंकायची तपासणी केली. डॉक्टरांनी दोनदा फुंकायला लावलं आणि मग खुर्ची पुढे ओढून सांगितलं, छातीचा दम एकतृतीयांश उरलाय. आता भूल दिली तर टेबलावरून परत येईल याची खात्री नाही. "मार्चमध्ये आला असतात तर," एवढं बोलून ते थांबले. मीराने मान वळवून भिंतीकडे बघितलं. धनेश तिथेच खाली बसला, दोघांनी उचलून बाहेर नेला. नाकातून नळी घालून बघितली, ती तिला सहन झाली नाही, काढावी लागली. घरी आणलं.

त्यानंतर ती धनेशशी बोलली नाही. आधी बोलायचं नव्हतं म्हणून, आणि दहा-बारा दिवसांनी आवाजच गेला म्हणून. तो चमच्याने पेज घेऊन बसायचा तर ओठ घट्ट मिटायची. शिट्टीला न मिटणारे ओठ त्याच्या चमच्याला कसे मिटायचे, देव जाणे. मी चमचा घेतला की उघडायची. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं एक यंत्र होतं, त्यावरचा आकडा त्याने सांगितला तर डोळे बंद. मी सांगितला तर डोळे उघडे, मग पुढचा प्रश्न. मटिल्डाने शाळेतून बाराखडीचा तक्ता आणून दिला होता. मी अक्षरांवरून बोट फिरवायचे, हवं ते अक्षर आलं की ती पापणी मिटायची. "किती?" "अजून किती?" "खरं." मी सगळं खरं सांगायचे. आज नव्वद. आज सत्याऐंशी. डॉक्टर म्हणाले पावसाळा नाही निघणार.

धनुष्य मी चुलीत घातलं, तिच्या अंघोळीचं पाणी तापवायला. धामण चांगली जळते. धनेश समोर बसून बघत होता, अडवलं नाही.

तो पडवीतल्या बाकावर बसून असायचा. रजा टाकली होती. आतल्या खोलीचं दार तिथून दहा पावलं. मी आत-बाहेर करताना त्याच्या अंगावरून जायचे आणि बोलायचे नाही. सांगूनच टाकते आता, मला त्यात सुख होतं. बावीस वर्षं तो तिचा होता आणि ती त्याची, मी आपली तिसरी, कारली विकणारी. आता तिचं सगळं माझ्याकडे होतं. एवढ्या मोठ्या दुःखातही मला ते आवडत होतं, आणि राग तर होताच, रागाला काय कमी होतं.

आषाढात एका मंगळवारी संध्याकाळी पेज झाल्यावर तिने तक्त्याकडे बघितलं. मी बोट फिरवायला लागले. 'ध'ला पापणी मिटली. माझं बोट तिथेच थांबलं. तिने पुढे बघितलं, म्हणून फिरवत गेले. 'जे'. 'व'. 'ला'.

धनेश जेवला का, असं ती विचारत होती.

त्याने सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं. मला माहीत होतं. दार लोटलेलं होतं, त्याच्या खोकल्याचा आवाज आत येत होता. मी नुसतं "धनेश" म्हटलं असतं तरी तो धावत आला असता. मी तिचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "हो, जेवला." तिने डोळे मिटले. तक्ता मी कपाटावर ठेवून दिला. म्हटलं, उद्या सांगू त्याला, आज बसू दे तसाच, कळू दे. बुधवारी ती गुंगीतच होती. गुरुवारी पण. शनिवारी सकाळी गेली.

तेरावा झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी धनेश कामावर निघाला होता. डबा हातात घेऊन दारात उभा राहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताय, एक विचारू? तिनं शेवटी शेवटी कधी माझं नाव काढलं? एकदा तरी?"

हो म्हणायचं तर कधी ते सांगावं लागलं असतं. आणि मग तेव्हाच हाक का मारली नाहीस, तेही.

"नाय," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला. "तू तरी माझ्याशी खोटं बोलत नाईस." आणि चपला घालून कामावर गेला.